पाठीचा नकाशा

"शर्ट काढा आणि पाठ इकडे करा," डॉक्टर म्हणाल्या.

शर्टाला हात घालण्याआधी मोजणीदाराने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि त्यांच्या टेबलावर पसरला. त्याच्या स्वतःच्या पाठीचा नकाशा होता तो. मध्ये मणक्याची रेघ, दोन्हीकडे खांदे, कोपऱ्यात प्रमाण, आणि उजव्या खांद्याखाली मणक्यापासून चार इंचांवर एक टिंब. एकतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. स्वतःची पाठ मोजायला त्याला कितीसा वेळ लागणार!

डॉक्टरांनी नकाशा पाहिला, पाठ पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. "इथे तर काहीच नाही."

"नीट बघा. दोन आरसे लावून तीनदा खात्री केलीय मी."

"उजवीकडे नाही हो. डावीकडे आहे." हातमोज्यातलं बोट डाव्या खांद्याखाली टेकलं. "हा बघा. चांगला मोठा झालाय."

मोजणीदाराचे कान तापले. आरशात डाव्याचं उजवं दिसतं, म्हणून त्याने हुशारीने दिसलं त्याच्या उलट बाजूला टिंब दिलं होतं. पण आरसे दोन होते, आणि पहिल्याने उलटं केलेलं दुसरा सुलट करून टाकतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हाताखालच्या कुणी अशी चूक केली असती तर त्याने त्या माणसाची चारचौघांत पार शोभा केली असती.

तशी ही सातवी खेप. उन्हातान्हात उघड्या माळावर गेलेली सगळी नोकरी निवृत्तीनंतर कातडीवर उगवायला लागली होती. आधी नाक, मग कान, कपाळ, पुन्हा तोच कान, मान, मग पुन्हा नाक. जीव घेणारा नव्हता हा कर्करोग, पण पिच्छा सोडणाराही नव्हता. कापायचं, मांडीची कातडी काढून ठिगळ लावायचं, टाके सुकेपर्यंत थांबायचं. आता तर त्याला दाढी करताना कुठे वस्तरा सांभाळायचा हे न बघता कळत असे.

"जुना दिसतोय," डॉक्टर म्हणाल्या. "दीड वर्ष तरी असेल. दोनसुद्धा."

"शक्यच नाही. बायको दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाठ बघायची. तिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही."

"मग पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या."

"ती गेली. अकरा महिने झाले."

डॉक्टरांनी स्वतःच शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

बाहेर सिस्टरने तारीख दिली आणि फॉर्म पुढे सरकवला. "सोबत कोण येणार? सही लागते, आणि घरी न्यायला माणूस लागतं. घरी ड्रेसिंग कोण करणार तेही लिहा. पाठीवरचं तुम्हाला एकट्याला जमायचं नाही."

सहा फॉर्मांवर त्या जागी एकच नाव होतं. मोजणीदार पेन उघडून बराच वेळ तसाच उभा राहिला.

"काका, मागे रांग आहे."

त्याने टेपवाल्याचं नाव लिहून टाकलं.

टेपवाला म्हणजे बावीस वर्षं त्याच्या टेपेचं दुसरं टोक धरणारा माणूस. एकमेकांपासून शंभर फुटांवर उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं होतं. बोलणं सगळं हातवाऱ्यांचं. जवळ आले की काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. घरी फायली पोचवायला तो यायचा तेवढाच. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता येऊ साहेब?"

घरी येऊन मोजणीदार पलंगावर बसला आणि हिशेब जुळेना म्हणून चिडला. डाग दीड वर्षाचा. ती जाऊन अकरा महिने. म्हणजे किमान सात रविवार तिने तो डाग असलेली पाठ पाहिली आणि काही नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर चुकल्या असतील. चुकतात की माणसं, आपण नाही का चुकलो!

शस्त्रक्रियेच्या दिवशी टेपवाला इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा, वेळेआधी हजर. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले, आणि मोजणीदाराला गप्प राहवेना, म्हणून त्याने त्या जुन्या डागाची गोष्ट काढली.

टेपवाला चपलेकडे बघत राहिला. "साहेब, एक सांगायचं राहिलंय. वहिनींनी शपथ घातली होती."

"काय?"

"शेवटच्या वर्षी त्यांनी माझ्याकडून भिंग मागून घेतलं होतं. नकाशे वाचायचं, ऑफिसातलं मोठं. साखरेमुळे डोळे गेले होते त्यांचे. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायच्या. म्हणाल्या, साहेबांना कळलं तर ते पाठ दाखवायचे नाहीत. मग बघणार कोण?"

मोजणीदार काही बोलायच्या आत सिस्टरने हाक मारली.

पाठीवर बधिर केलेल्या जागी कात्री चालल्याचं त्याला नुसतं ऐकू येत होतं. पालथं पडल्या पडल्या त्याला ते वर्ष दिसत होतं. चहा कपाबाहेर सांडायचा. आमटीत मीठ दोनदा पडायचं. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं तो किती वेळा खेकसला होता! आणि ती नुसती फडक्याने ओटा पुसत राहायची. ती गेल्यावर ते भिंग तिच्या कापसाच्या डब्यात सापडलं, तेव्हाही आपलंच जुनं असेल म्हणून त्याने ते कपाटात ठेवून दिलं होतं.

आणि ते रविवार. त्या वर्षी ती पाठ बघायला फार जवळ यायची. नाक टेकेल इतकी. तिचा श्वास मणक्यावरून हळूहळू खाली सरकायचा आणि तो हसून म्हणायचा, "अगं, गुदगुल्या होतात." म्हातारपणी बायकोला माया आलीय, असं वाटून तो मनातल्या मनात सुखावायचा. ती बिचारी इंच इंच शोधत होती. माया होतीच ती, पण ती कसली माया होती हे त्याला आत्ता, पालथं पडल्यावर कळत होतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खालच्या कागदी चादरीत मुरत गेलं. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. तो हो म्हणाला, आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेपवाला ड्रेसिंगला आला. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. सिस्टरने सांगितलेलं सगळं त्याने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत उतरवून आणलं होतं. मोजणीदार खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसला. अकरा महिन्यांत डॉक्टरांखेरीज त्याच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. टेपवाल्याची जाड, खरबरीत बोटं टाक्यांच्या कडेकडेने इतकी जपून फिरत होती की मोजणीदाराला श्वास सोडायलाही भीती वाटली.

"झालं साहेब. ठिगळ धरतंय बहुतेक. लाल नाही."

"आता एवढं कर. बाकीची पाठ बघ. मानेपासून कमरेपर्यंत, कुठे काही नवीन आहे का."

टेपवाला जवळ आला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. स्टूल धरलेल्या मोजणीदाराच्या मुठी आवळल्या.

"साहेब, खोटं कशाला बोलू? मला दिसतच नाही नीट. चष्मा घरी राहिला. टाके तेवढे काळे, म्हणून दिसले."

मोजणीदाराने मान खाली घातली. इतकं साधं वाक्य. त्याच्यासमोर त्याच्या बायकोला ते वर्षभरात एकदाही बोलता आलं नव्हतं, आणि त्यात दोष तिचा नव्हता.

"रागावलात का?"

"नाही रे," तो म्हणाला. शर्ट मांडीवर तसाच होता. "उद्या चष्मा घेऊन ये. सकाळी ये, उजेड चांगला असतो."