माझ्यावर कोण बसलं होतं

मी यवतमाळच्या जपानी हॉटेलातला बुटका टेबल बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, गोड बोलायची मला सवय नाही. रोज लोकांची कोपरं, सांडलेला सॉस आणि खोटं कौतुक अंगावर घेऊन कुणाची जीभ गोड राहील?

मी मूळचा झरी जामणीच्या जंगलातला साग. तिथे बरा होतो. लिलावात ओंडका गेला, आरागिरणीत चिरला आणि डोंगरसिंग मिस्त्रीने माझा दिवाण केला. पाहुण्यांनी टेकायचा, दुपारी घरच्या म्हाताऱ्याने लवंडायचा, असा साधा दिवाण. पण ज्याने सांगितला तो न्यायला आलाच नाही आणि मी दुकानात धूळ खात पडलो.

मग राजदीप आला. पुण्यात चार वर्षं काढून परतला होता आणि त्याच्या डोक्यात जपान शिरला होता. कापडाच्या दुकानावरचा मजला त्याने भाड्याने घेतला, मला उचललं आणि माझे पाय अर्धे कापायला लावले. डोंगरसिंगने करवत हातात धरून पुन्हा विचारलं, इतका चांगला माल आहे, खरंच कापू का? राजदीप हसून म्हणाला, काप. तेव्हापासून त्याचं मीठ माझ्या अंगावर सांडतं, पण मी त्याचं खाल्लेलं नाही.

मला काळा रंग फासला. भोवती चार गाद्या टाकल्या, वर नक्षीचं कापड अंथरलं. दाराशी शोभेची बुद्धमूर्ती ठेवली आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. झालं जपान.

इथे लोक जेवायला येत नाहीत, जेवताना दिसायला येतात. ताट आलं की आधी त्याचे फोटो, मग स्वतःचे, तोवर भात गार. एका कंत्राटदाराने हिरवी वसाबी ठेचा समजून अख्खी तोंडात टाकली आणि नाकाडोळ्यांतून धारा लागल्या तरी मस्त आहे म्हणत राहिला. सुशीच्या भाताभोवतीचं काळं पान सोलून काहीजण माझ्या खाली चिकटवतात. जेवायच्या काड्यांनी पाठ खाजवणारेही मी पाहिलेत. मांडी घालता येत नाही म्हणून कण्हतात, उठताना माझ्यावरच सगळा भार टाकतात आणि खाली उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्री-पोहे खातात.

हे सगळं मी गिळलं. पण दीपाताईंना मी विसरणार नाही.

दीपाताई बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांचा मुलगा अश्वजित इंजिनियर. त्याचं आणि रुपालीचं जमलं होतं. रुपाली इथल्याच एका दवाखान्यात नर्स. होकार झाले होते, फक्त तारीख काढायची राहिली होती आणि त्यासाठी रुपालीची आई रुखमाबाई केळापूरकडच्या गावाहून यायची होती. दीपाताईंना बाईला घरी बोलावता आलं असतं. पण त्या आदल्या दिवशी येऊन मलाच पसंत करून गेल्या आणि राजदीपला म्हणाल्या, बघू, कितपत निभावतं त्यांना.

रुखमाबाई एसटीने आल्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, केस चापून बांधलेले. दाराशी मूर्ती दिसताच त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. अश्वजित आणि रुपालीबरोबर आत उभ्या असलेल्या दीपाताई तिथूनच म्हणाल्या की ती नुसती शोभेची आहे. जोडलेले हात हळूच खाली आले.

मग दीपाताई म्हणाल्या, बसा.

आता नीट ऐका, कारण यावरच पुढे सगळं झालं. रुखमाबाईंच्या गावात पाहुणा आला की घरातल्या दिवाणावर धुतलेली चादर अंथरतात. मोठं माणूस त्यावर बसतं, पोरंसोरं खाली. इथे मी होतो, लाकडी, बुटका, वर स्वच्छ कापड. ताटवाट्या अजून आल्या नव्हत्या. चार गाद्या खाली पोरांसाठी असाव्यात आणि मोठ्या माणसाची जागा ही असावी, असं त्यांना वाटलं. एवढा मान दिला म्हणून त्या जरा संकोचल्या आणि पदर सावरून माझ्यावर बसल्या.

दीपाताईंनी तोंडावर रुमाल धरला. अश्वजित मोठ्याने हसला, फोन काढला आणि टिपून घेतलं. रुपालीचा चेहरा लालभडक झाला. ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "ऊठ न आई. काय करून राह्यली? टेबल हाय तो."

रुखमाबाई अशा उठल्या की जणू मी तापलेला तवा होतो. त्यांनी माझ्यावरचं कापड हाताने सारखं केलं. माझा सगळ्यांत जास्त राग त्या क्षणी रुपालीवर होता. परक्यांचं सोडा, पोटची पोर आईची लाज वाटून घेते?

जेवण आलं. रुखमाबाईंनी काही खाल्लं नाही. दीपाताई मात्र खाता खाता लग्न ठरवत गेल्या. हॉल यवतमाळचाच. गावाकडची माणसं मोजकीच आणा, बाकीच्यांना तिकडेच वेगळं जेवण घाला, इथे आमचे ऑफिसचे लोक असतील. रुखमाबाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. टेबलावर बसलेल्या बाईने आता कशाला नाही म्हणायचं? रुपालीही मुकाट भात चिवडत होती.

तेवढ्यात तिचा फोन माझ्यावर थरथरला. वरच्या मजल्यावर नेटवर्क रडतखडत येतं, त्यामुळे अश्वजितने मघाशी धाडलेलं आता पोचलं. मागच्या आठवड्यात दीपाताईंनीच तिला घरच्या ग्रुपात घेतलं होतं, हे तो विसरला असणार. फोटोत आई माझ्यावर बसलेली, चेहऱ्यावर पाहुणीचं हसू. खाली लिहिलं होतं, आजची स्पेशल डिश, गावरान सासूबाई. त्याखाली मामा, काकू, आत्या, सगळ्यांचे हसरे चेहरे.

रुपालीने ते दोनदा वाचलं. फोन अश्वजितच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे कायले पाठवलं?"

तो म्हणाला, गंमत गं, घरचाच तर ग्रुप आहे.

"घरचा हाय, म्हणूनच इचारून राह्यली."

त्याने फोन पालथा घातला. दीपाताईंनी एवढं काय मनाला लावून घ्यायचं म्हणत तारखेचा विषय पुन्हा काढला. रुखमाबाईंना फोटो दिसला होता. त्या घाबरून मुलीचा हात धरून म्हणाल्या, "माह्यामुळं मोडू नको बापा. मी नाई आली लग्नाले, तरी चालते."

रुपाली उठली. "तुह्यामुळं नाई मोडून राह्यली. मीबी मघा लाजलीच न तुले." तिने आईला हाताला धरून उठवलं, दाराशी खाली बसून आईच्या चपला सरळ केल्या आणि दोघी जिना उतरून गेल्या.

दीपाताई बराच वेळ बसून होत्या. येईल, कुठे जाते, असं मुलाला सांगत होत्या. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी राजदीपने माझ्या छाताडात स्क्रू पिळून पितळेची पाटी बसवली, "कृपया टेबलावर बसू नये." आता मी हा असा. पाय आधीच गेले, रंगाचे पोपडे निघालेत आणि वर ही पाटी. तुम्ही याल, सुशी मागवाल, फोटो काढाल. काढा. फक्त कुणाची फजिती बघायला म्हणून कुणाला इथे आणू नका, नाहीतर ताटासकट तुमच्याच अंगावर कलंडेन.

पाटी वाचून लोक हसतात आणि एकमेकांना विचारतात, टेबलावर कोण बसतं हो? माझं त्यांना ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं. एक आई बसली होती, म्हणून तिच्या मुलीला आपला होणारा नवरा कसा हसतो ते लग्नाच्या आधी दिसलं.