दमलेल्या बाईला दिलेली खुर्ची

पास्टरसाहेब, श्रेयाच्या मांडीचं हाड तुम्ही मोडलंत. हात न लावता मोडलंत.

मुकुंदवाडीच्या मैदानात हजारभर माणसं होती. मंचावर चाकाच्या खुर्चीत आशाबाई. तुम्ही म्हणालात, "ऊठ माई, चाल." त्या उठल्या, चालल्या. अख्खा मंडप रडला.

माझ्या शेजारची दहा वर्षांची श्रेया शेवटच्या रांगेत होती. जन्मापासून पाय लुळे. ती स्वतःच्या खुर्चीत आली होती, म्हणून तुमच्या सेवकांनी तिला पुढं सोडलंच नाही. तिची आई गीताबाई मंचाखाली येऊन रडू लागली. तुम्ही माईकवरून सुनावलंत, "तू पोरीची कीव करतेस. कीव म्हणजे अविश्वास. तू उचलणं बंद कर, देव उचलील."

गीताबाईनं उचलणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीकडं जाताना पोरगी खुर्चीतून कोसळली. आई दारात डोळे मिटून प्रार्थना करत उभी. किंकाळी ऐकून मी धावलो, मीच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

वॉर्डातली नर्स रत्नमाला तुमच्याच मंडळीतली. आशाबाई तिच्या ओळखीच्या. तिनं मला सोबत घेऊन त्यांचं घर गाठलं.

रत्नमालानं विचारलं, "मावशी, तुम्ही खुर्चीत कधीपासून?"

"मी कशाला बसू? हर्सूलहून बसनं आले, फाटकापोत्तर चालत. तिथली एक सेवक पोरगी म्हणली, लई दमल्या दिसता, बसा यात. म्हणलं, किती माया हाय लेकरांना."

"मग पास्टर चाल म्हणले तवा?"

"चालले. चालता येतंच की मला."

"सांगितलं का नाय मग?"

"एवढे लोक टाळ्या वाजवायलेत. मलाबी वाटलं, गुडघा हलका झाला आसंल."

एवढीच तुमची करामत. दमलेल्याला खुर्चीत बसवायचं आणि उठवायचं. ज्याला खरंच उठता येत नाही, त्याला मागं दाबायचं. माया दाखवून माणूस पकडायचा आणि मंचावरून मायेलाच पाप ठरवायचं. ज्याच्या नावानं तुम्ही बोलता, तो कुष्ठरोग्याला हात लावायचा. रडणाऱ्यांबरोबर रडायचा. लोकहो, आजारी माणसाला हात लावू नका म्हणणारा कुणीही असो, त्याला तिथंच अडवा आणि पुरावा मागा.

गीताबाई अजून पोरीला शिवायला भिते. काल रत्नमालाला म्हणाली, "ताई, मी उचललं आसतं तर?"

रत्नमाला म्हणाली, "आता उचल. मी पाय धरते."

दोघींनी मिळून चादर बदलली. तेवढ्यात श्रेयानं मला विचारलं, "काका, माझा विश्वास कमी पडला का?"

याचं उत्तर मी देणार नाही. वॉर्डात या, तिच्या खाटेजवळ बसा आणि तुम्ही द्या. कधी येताय?