दांडीवरचं नाव

दूध घालून एडेल्मिरा घरी आली, तर अंगणात तिची जुनी सायकल लालभडक होऊन उन्हात वाळत होती. धाकटा भाऊ अन्सेल्मो शेजारी बसून ब्रश पुसत होता.

"कशी दिसते, ताई? एकदम नवीकोरी!"

एडेल्मिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरवी होती ती सायकल. तरुणपणी तीच घेऊन ती बोयाका प्रांताच्या घाटांत शर्यतीला उतरायची, आणि गावचे बाप्ये रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "घरी जा, बटाटे सोल!"

"कुणाला विचारून रंगवलीस?"

"अगं, गंजली होती. खाली दुइतामा शहरात नवं कॉफीचं दुकान निघालंय, त्यांना भिंतीवर टांगायला जुन्या सायकली हव्यात. आपल्याच घराचं नाव होईल."

"आधी घासलीस तरी का? की जुन्यावरच थापलास?"

"एवढं कोण बघतंय!"

तिने दार असं आपटलं की कोंबड्या उधळल्या. रविवारपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. बटाट्याचं सूप तेवढं त्याच्यापुढे आदळायची.

रविवारी दुकानाचा मालक नॉर्बेर्तो गाडी घेऊन आला. सायकलवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, नशीबवान आहात. भाऊ एवढा मोठा शर्यतपटू! पाटीसुद्धा करून घेतलीय मी. अन्सेल्मो पेराल्ता, घाटाचा राजा."

एडेल्मिराने भावाकडे पाहिलं. तो अंगावरच्या लोकरी रुआनाचा काठ चिमटीत धरून जमिनीकडे बघत होता. जन्मात तो कुठल्या शर्यतीला उतरला नव्हता. रंग कशासाठी लावला ते आता तिच्या लक्षात आलं. दांडीवर तिने स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलेलं होतं.

ती आत गेली, सुरी घेऊन आली आणि दांडी खरवडायला लागली. न घासता दिलेला रंग, सालीसारखा सुटला. पुढे मात्र त्याच्याबरोबर खालचा हिरवाही निघून आला आणि लोखंड उघडं पडलं.

"वाचा," ती नॉर्बेर्तोला म्हणाली.

"एडेल्मि..."

"पुढचं अक्षर याच्या रंगाबरोबर गेलं. एडेल्मिरा. मीच ती."

नॉर्बेर्तो ओशाळला. मग म्हणाला, "हे तर आणखी छान! बाईची सायकल! नवी पाटी करू, तुमचा फोटो—"

"माझी सायकल टांगायला नाही. निघा तुम्ही."

गाडी गेल्यावर अन्सेल्मो पुटपुटला, "ताई, मला गावात ओळखतं कोण? दूधवालीचा भाऊ."

"मग उतरायचं होतंस शर्यतीला! कुणी पाय बांधले होते तुझे? मला बटाटे सोलायला सांगणाऱ्यांत तूही होतास, विसरले नाही मी."

दुसऱ्या दिवशी तो पॉलिश पेपर घेऊन आला, उरलेला लाल काढून देतो म्हणाला.

"हात लावायचा नाही. राहू दे. येता-जाता दिसू दे तुला, काय केलंस ते."

अजूनही ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.