न्हाणीतला नाडा

राहात्याच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं की मोडलेलं हाड कुठं बसवून मिळेल, तर त्यानं रंभाजीच्या गावाकडं बोट दाखवलं असतं. विद्या बापाकडून आलेली. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर हाताचं यश जातं, असं बाप सांगून गेला होता आणि रंभाजीनं जन्मात कुणाचा नवा पैसा घेतला नव्हता. मानाला मात्र बापानं मनाई केली नव्हती. दारात बैलगाडी थांबली की रंभाजी आधी हातातला चहा सावकाश संपवी. गाडीत कण्हणारं माणूस आणि गाडीपाशी हात जोडून उभी असलेली त्याची पोरं, हे बघत घेतलेल्या चहाला गोडी वेगळीच. बरा झालेला माणूस नारळ घेऊन येई. गावजेवणात पहिलं पान रंभाजीचं असे. सत्तराव्या वर्षी त्याच्यापाशी एवढंच होतं, आणि तेच आसाराम सुतारानं पळवलं.

आसारामची आई बनुबाई एकोणीसशे सत्तर सालच्या दिवाळीआधी न्हाणीतल्या ओल्या दगडावरून घसरली आणि खुब्यातनं मोडली. रंभाजीनं लेप दिला, बांबूच्या कांबट्या लावल्या, पाय तीन महिने बांधून ठेवला. म्हातारी बाजेवरून उठली नाही. पाठीला जखमा झाल्या आणि त्यातच गेली. आसाराम रंभाजीला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं, भांडता तरी आलं असतं.

आईचे दिवस उरकले आणि आसारामनं माळ्यावरचा मोटेचा नाडा खाली काढला. विहिरींवर विजेच्या मोटरी बसल्यापासून मोटा बंद पडल्या होत्या आणि मनगटाएवढे जाड दोर घरोघरी धूळ खात पडले होते. आसारामनं न्हाणीच्या भिंतीत दोन खुंट ठोकले, कमरेच्या उंचीवर नाडा ताणून बांधला आणि हाताला पकड यावी म्हणून वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या. दगडावरचं शेवाळ काथ्यानं आणि राखेनं घासून काढलं. म्हाताऱ्या नजरेला दिसावा म्हणून उंबऱ्यावर चुन्याचा पट्टा ओढला. हे सगळं आई पडायच्या आधी सुचायला हवं होतं, एवढंच तो बायकोला, चांगुणाला, म्हणाला आणि शेजारच्या घरी गेला. तिथंही नाडा बांधला. मग त्याच्या पुढच्या घरी.

चैत्रात मारुतीच्या देवळापुढं भजन संपल्यावर तो उभा राहिला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. म्हाताऱ्यांनी बाजेवरून उठताना आधी पाय खाली सोडून बसावं, दहा आकडे मोजावेत आणि मगच उभं राहावं, असं त्यानं सांगितलं. सारवण वाळेपर्यंत त्यावरून चालू नका, पडायची भीती वाटत असेल तर लाजू नका, सुनेला हाक मारा. दुसऱ्या दिवसापासून आळीआळीतल्या म्हाताऱ्या बाजेवर बसून मोठ्यानं आकडे मोजू लागल्या. रंभाजीला तो आवाज भिंतीपलीकडून ऐकू येई आणि त्याच्या अंगाची लाही होई. हाडं बसवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला विचारायचं सोडून लोक एका सुताराकडून आकडे मोजायला शिकत होते.

हनुमान जयंतीच्या जेवणात पहिलं पान आसारामपुढं पडलं. रंभाजीला बघून तो झटकन उठला, "नाना, तुमी बसा हितं," म्हणाला. तेवढ्या बोलण्यानं रंभाजीचा घास कडू झाला. आपल्या हक्काची जागा दुसऱ्यानं आपल्याला दान म्हणून द्यावी, याहून वाईट ते काय.

मग पावसाळा आला. दर पावसाळ्यात चारपाच म्हातारी माणसं घसरायची. यंदा भादवा लागला तरी दारात एक गाडी थांबली नाही. रंभाजी रिकाम्या रस्त्याकडं बघत चहा प्यायचा आणि त्याच्या मनात येई की एखादं तरी पडावं. पहिल्यांदा असं मनात आलं तेव्हा तो दचकला. नंतर नंतर दचकणंही बंद झालं.

त्यात घरातलं माणूसही फिरलं. त्याची बायको भागिरथी रोज सकाळी काखेत सुकं लुगडं घेऊन आसारामच्या घरी जायची आणि ओल्या केसांनी परत यायची. चांगुणाशी बोलत बसले आणि तिथंच अंघोळ उरकली, असं सांगायची. आसाराम एकदा नाडा बांधायला आला होता, तेव्हा रंभाजीनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. हाडं बसवणाऱ्याच्या घरात दोर लागत नाही म्हणाला होता. आता बायकोनं त्याच्याच दारी जावं, हे रंभाजीच्या काळजाला कुरतडत होतं.

शेवटी एका दुपारी पारावर बसून त्यानं मनातलं विष बाहेर काढलं. घरात ताणून बांधलेला दोर अपशकुनी असतो म्हणाला, यमाला घर दाखवतो म्हणाला. रंभाजीचं वय आणि त्याचा हात बघून लोकांना ते पटलं. त्याच दिवशी तीन घरांतले नाडे खाली उतरले. रंभाजीला बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

आठव्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. गाडीत म्हातारी कलाबाई होती आणि तिचा लेक काकासाहेब हात जोडून उभा होता. रंभाजीला आनंद झाला. लपवून काय करायचं, झालाच. त्यानं चहा सावकाश संपवला आणि मग उठून पाय बघितला. पाय आखूड झाला होता आणि बाहेरच्या अंगाला वळला होता. खुबा गेला होता.

तेवढ्यात भागिरथी ओल्या केसांनी परत आली. कशी पडली म्हणून तिनं विचारलं. काकासाहेब खाली बघत म्हणाला, "काकू, न्हाणीतला दोर म्या काढला हुता. नाना म्हनले म्हनून."

भागिरथीनं नवऱ्याकडं बघितलं. रंभाजीनं नजर चुकवली आणि लेप वाटायला सांगितलं.

"मी न्हाई वाटायची," भागिरथी म्हणाली.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नाही म्हटलं नव्हतं. रंभाजीला आधी ते कळलंच नाही. ती काकासाहेबाकडं वळली. "हिला नगरला मोठ्या दवाखान्यात ने." मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी खांदं बसवलं, मनगटं बसवली, ते समदं खरं. पर खुब्यात मोडल्याली अकरा मानसं ह्या दारात आली. अकरांचा लेप म्या वाटलाय. त्यातलं एक बी उठून चाललं न्हाई."

काकासाहेब रंभाजीच्या तोंडाकडं बघत राहिला. आकडा खरा होता. रंभाजीनं तो कधी मोजला नव्हता, कारण मेलेल्यांचे नारळ येत नाहीत. "ने," तो काकासाहेबाला म्हणाला. गाडी वळली आणि नगरच्या वाटेला लागली.

दारात दोघंच उरली तेव्हा त्याचा जळफळाट पुन्हा उफाळून आला. "हे आसारामच्या घरी शिकून आलीस व्हय?"

"आखाडात मी पडले हुते," भागिरथी म्हणाली. "आपल्याच न्हाणीत. घटकाभर तशीच पडून हुते, पायाची बोटं हालवून बघत. हाड शाबूत हुतं. तवापसनं चांगुणाकडं जाते. तितं धराया दोर हाय."

"मला का न्हाई सांगितलं?"

तिनं केस पुढं घेऊन पिळले. "सांगितलं असतं तर तुमी माझा बी पाय बांधून ठेवला असता."

रंभाजी उंबऱ्यावर बसला. ज्या हातांसाठी दहा गावांहून गाड्या यायच्या, त्याच हातांना त्याची बायको भ्यायली होती. ओल्या दगडावर एकटी पडून राहिली, पण त्याला हाक मारली नाही.

दुपारी त्यानं माळ्यावर चढून आपल्या मोटेचा नाडा काढला. भागिरथी खाली शिडी धरून उभी होती. नाडा खांद्यावर टाकून तो निघाला. सुताराच्या घरी मागल्या बोळातूनही जाता येत होतं, पण तो पारावरून गेला. बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, नाना, दोर घेऊन कुठं?

"आसारामकडं. न्हाणीत बांधायचाय." तो दोन पावलं पुढं गेला आणि परत फिरला. "काढल्यालं नाडं आजच्या आज बांधा. म्या बोललो ते खोटं हुतं. कलाबाई माझ्यापायी पडली."

रंभाजी उत्तराला थांबला नाही.

आसाराम लगेच हातोडा घेऊन आला. झाल्या गोष्टीबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही, आणि हा माणूस इतका चांगला का आहे म्हणून रंभाजीला त्याचा पुन्हा एकदा राग आला. खुंट ठोकून झाले, नाडा ताणून झाला. आसारामनं टोकाला गाठ मारली, तशी रंभाजीनं त्याचा हात बाजूला सारला.

"ही भिजली की सुटंल," म्हणत त्यानं गाठ सोडली आणि कांबट्या बांधायची आपली गाठ मारली. आसारामनं सगळा भार टाकून ओढून बघितलं आणि अशी गाठ आपल्याला येत नाही, असं प्रामाणिकपणे कबूल केलं. रंभाजीला बरं वाटलं. तेवढं तरी वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन ओसरीवर बसला. कलाबाईचं काय झालं ते अजून नगरहून कळलं नव्हतं. भागिरथी काखेत सुकं लुगडं घेऊन बाहेर आली आणि दारापाशी थांबली. इथून सरळ गेली तर आसारामचं घर, मागं वळली तर आपली न्हाणी. तिला इकडं ये म्हणायचा हक्क रंभाजीला उरला नव्हता. त्यानं नुसती वाट बघितली.

ती मागं वळली. न्हाणीत गाठी एकेक करून ओढून बघितल्याचा आवाज आला, शेवटची त्याची गाठ दोनदा ओढल्याचा. मग दगडावर पाणी पडलं. रंभाजीचा चहा हातातच गार झाला होता.