लाविनियासाठी रक्त

लाविनियाच्या गर्भाशयातली गाठ काढायची होती, पण वावाऊ बेटावरच्या इस्पितळात रक्त शिल्लक नव्हतं.

"तुमचंच आधी काढून ठेवलं असतं, पण अंगात आहेच कुठे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरच्यांना बोलवा."

नवऱ्याचं रक्त जुळेना. जुळणारी एकच होती, थोरली बहीण मेलेआने; आणि आईच्या मयतात आलेल्या मानाच्या, मोलाच्या चटयांच्या वाटणीवरून तिच्याशी अबोला. लाविनियाने नवऱ्याला तिच्याकडे पाठवलं आणि दाराकडे डोळे लावून पडून राहिली.

दुपारी मेलेआने आली.

"निरोप नवऱ्याकरवी? तोंड शिवलंय का तुझं?"

"ताई, तू नाही म्हणशील अशी भीती वाटली गं."

"वेडी कुठली!" सुई दिसताच मेलेआनेने डोळे गच्च मिटले. "हात धर माझा."

शस्त्रक्रिया निभावली. शुद्धीवर येताच लाविनियाने विचारलं, "ताईला चक्कर नाही ना आली?"