पहिला अडथळा मीच!

मित्रांनो, मी एक जुनं बेअरिंग आहे. टेंपोच्या चाकात फिरायचो, तेव्हा कर्जत मागे पडून चौक गाव कधी आलं, कळायचंही नाही. झिजलो, तसं गॅरेजवाल्या मोहियुद्दीननी मला रॉकेलात धुऊन लख्ख केलं आणि लेकीच्या, नफिसाच्या, हाती दिलं. ती कशेळ्याला एका संस्थेच्या दवाखान्यात कारकून. तिथल्या व्यवस्थापकांच्या, हेमचंद्र साहेबांच्या, टेबलावर मी बसलो.

साहेब स्वभावाने भले. पण कागद आला की म्हणायचे, "ठेव त्या बेअरिंगखाली, विचार करून सांगतो." मला थोपटायचेसुद्धा. मी फुगायचो. पण जन्मभर गाडी पळवली आणि आता कागद दाबून धरतो, ही बढती की शिक्षा? मला काही उमगत नसे.

सर्वांत खाली वाडीतल्या सुंदराचा अर्ज होता. दवाखान्याची जीप आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या वाडीत पाठवा, एवढंच मागणं. तिच्या लेकीच्या, ठमीच्या, पायाला दवाखान्यातला व्यायाम मिळाला नाही, तर पाय कायमचा आखडणार होता.

मग वरून फर्मान आलं, निर्णय कुठे अडतात ते मोजा. नफिसाने प्रत्येक कागद किती दिवस पडला आणि का, याचा तक्ता केला. कारण सगळीकडे एकच, 'बेअरिंगखाली'. साहेब वाचून खूश! "सापडला की अडथळा! उचला हे धूड!"

अहो, माझा काय गुन्हा? माझी रवानगी खिडकीत झाली. कागदांवर साहेबांचा जेवणाचा डबा आला.

मंगळवारी सुंदरा ठमीला पाठुंगळी घेऊन आली. "सायेब, माजा कागुद?"

"विचार चालू आहे, बाई."

तिने सरळ डबा उचलला, तळचा अर्ज ओढून साहेबांपुढे ठेवला. "आता काय आडवं हाय त्ये सांगा. पोरीचा पाय थांबनार नाय."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ठमीच्या पायाकडे. आणि सही केली.

नफिसाने तक्त्यात लिहिलं: पडून एकशे दोन दिवस, सहीला चार सेकंद. "कारण काय लिहू, साहेब?"

साहेबांनी पेन मागून घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

मित्रांनो, एका सहीला एवढं भ्यायचं कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्ही खुर्चीत बसाल, तेव्हा कागदाखाली कुणाचा पाय अडकलाय, तेवढं बघा.