कस्तुराबाईच्या घरातली डब्यांची पार्टी

मानवतच्या त्या गल्लीत राजेश्रीला नवरा मारतो हे कुणाला ठाऊक नव्हतं? भिंतीला भिंत लागून घरं. रडणं ऐकू आलं की बाया टीव्हीचा आवाज वाढवायच्या. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा!

राजेश्री प्लास्टिकचे डबे विकायची. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी बाया जमवायच्या. चहा, चिवडा, गप्पा आणि त्यातच विक्री. याला बाया पार्टी म्हणायच्या. राजेश्री हसायची ती तेवढ्यापुरतीच. "पुन्यांदा पार्टी घेतलीस तर हात मोडीन," असं नवऱ्याने, भुजंगने, बजावलं होतं. तरी ती गल्लीतल्या म्हाताऱ्या कस्तुराबाईकडे पार्टी घ्यायला गेली.

पाणी भरलेला डबा उलटा धरून ती म्हणत होती, "बघा, थेंब तरी गळायलाय का?" तेवढ्यात भुजंग चपलांसकट आत घुसला. त्याने तिच्या झिंज्या धरल्या आणि तोंड भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. "धंदा करायलीस व्हय गं?" त्याने डबे लाथाडले. राजेश्रीला दुखण्यापेक्षा भीती वाटली ती बायांची. आता या उठून जातील, पुन्हा कुणी आपल्याला दारात उभं करणार नाही.

पण भुजंगने अक्कल गहाण ठेवली होती. स्वतःच्या घरात मारलं असतं तर गल्लीने चकार शब्द काढला नसता. हे घर कस्तुराबाईचं होतं.

"माझ्या घरी आलेल्या बाईवर हात उचलायलास व्हय रं, मुडद्या?" म्हातारीने लाटणं मनगटावर असं हाणलं की हाड वाजलं. शेजारच्या धम्मशीला मॅडमनी कॉलर धरून त्याला खाली पाडलं. मग बाया तुटूनच पडल्या. कुणी चपलेने, कुणी बुक्क्यांनी. किटलीतला चहा मानेवर सांडला तसा तो गुरासारखा ओरडला. राजेश्रीने त्याला सोडवलं नाही. उलट कमरेत एक लाथ घातली, आणि तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

भुजंग रांगत दाराशी गेला. रक्त थुंकत म्हणाला, "घरी तर येशीलच की. मंग बघतो."

खोटं काय होतं त्यात? रात्र झाली की राजेश्रीला त्याच घरात जायचं होतं.

कस्तुराबाईने डबे पिशवीत भरले. "उठा गं समद्या. ऱ्हायलेली पार्टी हिच्या घरी करू. आन् रातच्यालाबी तिथंच निजू."

भुजंग लंगडत घरी पोचेतोवर बाया आत पाय पसरून बसल्या होत्या. त्याला उंबऱ्यावरसुद्धा जागा उरली नव्हती.